तंबोरा गायब, ताई हजर

डोंबिवलीचा माझा भाचा मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तोंड पाडून घरी आला. घरून काम करायचं म्हणून त्याने बारा हजारांचा हेडफोन घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : नॉइज कॅन्सलेशन. सोमवारच्या मीटिंगमध्ये बावीस माणसं, भाच्याची बोलायची पाळी. तो कुठलासा आकडा शोधायला क्षणभर थांबला आणि स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, खणखणीत आवाज आला, "फ्लश करायला काय तुझा साहेब येणार आहे?"

साहेब मीटिंगमध्येच होते.

भाच्याची तक्रार ताईबद्दल नव्हती, हेडफोनबद्दल होती. "मामा, गोंगाट कापणारा हेडफोन होता कानात. आई काय बोलली ते मला नीट ऐकूही आलं नाही. मग बाकी एकवीस जणांना कसं आलं? आणि डोक्यावर पंखा पाचवर गरगरत होता, तो मात्र कुणालाच ऐकू आला नाही!"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं, आणि ते ठाऊक नसल्यामुळे बरेच लोक पैसे घालवतात. हेडफोनमधलं नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानांसाठी असतं, समोरच्याच्या कानांसाठी नाही. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरीच्या बरोबर उलटी लहर कानाशी सोडायची, म्हणजे शिखरावर दरी बसते आणि दोन्ही मिटतात. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीला कंटाळून पुन्हा त्यावर विचार सुरू केला आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला. (अमर बोस यांचे वडील ब्रिटिशांच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेले बंगाली क्रांतिकारक. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) पण ही सगळी करामत कानाच्या वाटीत घडते. तुमचा माइक जे ऐकतो ते वेगळ्याच रस्त्याने जातं. काही महागड्या हेडफोनांत माइकसाठीही गाळणी असते, पण ती वेगळी सोय. खोक्यावरचे ते दोन शब्द तिच्याबद्दल असतीलच असं नाही.

म्हणजे भाच्याने बारा हजार खर्चून एवढंच साधलं, की ताईचा आवाज सगळ्या जगाला ऐकू यावा, फक्त त्याला येऊ नये.

दुसरा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा. पंखा गेला कुठे?

माइकवर पंखा, ताई, भाचा, खालचा रिक्षावाला हे सगळे एकाच वेळी आदळतात आणि एकच वेडीवाकडी रेघ तयार होते. सेकंदाला १६,००० वेळा मोजलेला हवेचा दाब, एवढंच मीटिंगच्या सॉफ्टवेअरपाशी येतं. आता या मिसळीतून फरसाण, कांदा आणि मटकी वेगळी काढायची आहे.

त्यासाठी ते या रेघेचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं. एका तुकड्यात ३२० आकडे. तुकडे एकमेकांवर निम्मे चढवलेले असतात, गोधडीत चिंध्या एकमेकींवर चढवतात तसे, म्हणजे नंतर जोडताना शिवण ऐकू येत नाही. मग प्रत्येक तुकड्याचं फूरिये पद्धतीने पृथक्करण होतं. शाळेत लोलकातून प्रकाश सोडून सात रंग पाहिलेले आठवत असतील. इथे आवाज सोडायचा आणि विचारायचं : या तुकड्यात १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांची, ताकद किती? १५० ची किती? २०० ची? असे दीडशेच्या वर कप्पे, आणि प्रत्येकात एक आकडा.

पंख्याचे आकडे पाहा. शंभराव्या मिलिसेकंदाला ज्या कप्प्यात १० होते, तिथे एक सेकंदानंतरही साधारण १० च असतात. बोलणाऱ्या माणसाचे आकडे मात्र नाचतात. 'प' म्हणताना ओठ मिटतात, क्षणभर शून्य. 'आ' म्हटलं की कप्पे भरतात. 'स'ला सगळी ताकद वरच्या कप्प्यांत पळते. शब्दाशब्दांत फटी, अक्षराअक्षरांत चढउतार. गाळणीची सगळी अक्कल या एका फरकावर उभी आहे : जे बदलत नाही तो गोंगाट, जे बदलतं ते बोलणं.

स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये यावरची सरळसोट रीत मांडली. कुणी बोलत नसताना प्रत्येक कप्प्यातला गोंगाट मोजून ठेवायचा आणि नंतर तो वजा करायचा. २०० हर्ट्झच्या कप्प्यात ५० आले, पंख्याचे १० गेले, उरले ४०. झालं.

झालं नाही. पंख्याचे १० हे सरासरी दहा असतात. एका तुकड्यात ७, दुसऱ्यात १३. सात आले तर वजाबाकी उणे तीन, तिथे शून्य धरायचं. तेरा आले तर तीन शिल्लक राहतात. हे तीन कुठल्या क्षणी कुठल्या कप्प्यात उरतील याचा नेम नाही, त्यामुळे पार्श्वभूमीला इथे-तिथे क्षणभर चमकून विझणारे सूर ऐकू येतात. चिवचिवाट झाल्यासारखं वाटतं. याला त्या क्षेत्रात 'सांगीतिक गोंगाट' असंच नाव आहे. हा चिवचिवाट मारण्यासाठी १९८४ मध्ये एफ्राइम आणि मलाह यांनी बरंच अवघड गणित केलं. वजाबाकी सोडून प्रत्येक कप्प्याला शून्य ते एकमधल्या एखाद्या संख्येने गुणायचं, आणि ती संख्या संकेत (म्हणजे हवं असलेलं बोलणं) व गोंगाट यांच्या गुणोत्तराच्या अंदाजावरून, आधीच्या तुकड्याकडेही बघत काढायची. शिवाय प्रत्येक कप्प्याला ताकदीबरोबर एक कलाही असते, लहर चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ती. तिला हात न लावता गोंगाट मिसळलेल्या आवाजाचीच कला तशीच परत वापरतात, कारण एवढ्या छोट्या तुकड्यात कानाला तिच्यातला दोष सहसा जाणवत नाही. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी पुढे चला, बिघडत नाही.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या अडचणीची. 'कुणी बोलत नसताना गोंगाट मोजा' म्हणणं सोपं. पण आमच्या भाच्यासारखा माणूस अखंड बोलत असेल तर मोजायचं कधी? राइनर मार्टिन यांनी २००१ मध्ये याचं देखणं उत्तर दिलं. माणूस बोलायचा थांबला की नाही हे बघूच नका. प्रत्येक कप्प्यात गेल्या साधारण दीड सेकंदातला सर्वांत लहान आकडा शोधा. बोलणं भरती-ओहोटीसारखं आहे, दीड सेकंदात कधीतरी त्या कप्प्यातलं पाणी उतरतंच. आणि ओहोटीला जो खडक दिसतो, तो पंखा.

आता हेच गणित कुकरला लावू. कुकरची शिट्टी ही बासरीसारखी एका सुराची नसते. भोकातून जोरात सुटणारी वाफ खळबळत बाहेर पडते आणि कमी-अधिक प्रमाणात सगळेच कप्पे भरून टाकते. ती चार सेकंद टिकते असं धरा. पहिला दीड सेकंद गाळणीच्या वहीत जुनी ओहोटीच लिहिलेली असते, त्यामुळे शिट्टी 'नवीन आणि बदलणारी' ठरून खुशाल पलीकडे जाते. मग गाळणीच्या लक्षात येतं की हा खडकच दिसतोय, आणि ती शिट्टी दाबायला लागते. पलीकडच्याला ऐकू येतं ते 'फिस्स्‌' आणि मग अर्ध्यावर गळा दाबल्यासारखं काहीतरी. मिक्सर याहून चिवट. रिकामा मिक्सर एका लयीत ओरडतो, पण खोबऱ्याचा मोठा तुकडा पात्यात आला की मोटरीचा वेग पडतो, सूर उतरतो, खडक जागचा हलतो आणि गाळणीचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

लॉकडाउनमध्ये या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो गाण्याच्या क्लासना. २०२० मध्ये गुरुजी पुण्यात, शिष्या न्यू जर्सीत, मध्ये व्हिडिओ कॉल. गुरुजी तंबोरा लावून बसायचे आणि दोन-तीन सेकंदांत तो पलीकडे विरून जायचा. तंबोऱ्याचं कामच न बदलण्याचं! चार तारा एकामागून एक, जवारीमुळे उमटणारे असंख्य स्वरांश, एका झंकारात दुसरा मिसळलेला, पाण्याला ओहोटीच नाही. गाळणीच्या लेखी तो पंखाच. लांबवलेला षड्जसुद्धा मध्येच खंगायचा. तान घेतली की सगळं सुरळीत. पुढे काही ॲपनी संगीतासाठी ही गाळणी बंद करण्याची सोय ठळकपणे दिली. क्लास घेणाऱ्यांनी ती सेटिंगमध्ये शोधावी, अजूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

त्याच वर्षीच्या मार्चमधली आठवण. टाळ्या-थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो असे निरोप फिरत होते आणि तसं काही होत नाही हे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावं लागलं होतं. ध्वनीच्या नावावर आपल्याकडे काहीही खपतं. कंपन म्हटलं की पुढे ऊर्जा येते, ऊर्जेपुढे पूर्वजांचं विज्ञान येतं, आणि हर्ट्झमध्ये आकडा कुणीच मागत नाही.

बाजाराचीही तीच भाषा, फक्त शब्द 'एआय' असतो. त्यात तथ्य आहे, हे आधी सांगतो. गेल्या काही वर्षांत हाताने लिहिलेल्या नियमांऐवजी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःच नियम शिकणाऱ्या गणिती रचना, आल्या. झाँ-मार्क व्हालिन यांनी २०१७ च्या सुमारास खुली केलेली 'आरएननॉइज' ही त्यातली एक सुटसुटीत रचना : आवाजाचे २२ पट्टे, आणि दर पट्ट्याला किती दाबायचं ते सांगणारी शून्य ते एकमधली एक संख्या. नेटवर्कला हजारो वेळा स्वच्छ बोलण्यात गोंगाट मिसळून ऐकवतात आणि त्यातून मूळ बोलणं काढायला लावतात. त्यामुळे कीबोर्डची टकटक, कुत्र्याचं भुंकणं, दाराचा धडाका असे क्षणात येऊन जाणारे आवाजही आता पकडले जातात. जुन्या गाळणीला हे कधीच जमलं नसतं. पण 'शंभर टक्के गोंगाटमुक्त' लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गिळलेली असते. नेटवर्क शिकलंय ते 'माणसाचं बोलणं ठेव' एवढंच. कुठल्या माणसाचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि ताई माणूस आहे.

त्या सोमवारी काय घडलं असेल ते आता मांडता येतं. भाचा थांबला. पंखा आधीच गाळून टाकलेला, त्यामुळे पाटी कोरी. त्या कोऱ्या पाटीवर ताईचं वाक्य उमटलं. स्पष्ट उच्चार, ठसठशीत चढउतार. गाळणीच्या कसोटीवर अस्सल बोलणं. पुढे आवाज सांभाळणारं आणखी एक यंत्रणेचं अंग असतं. बोलणारा लांबून किंवा हळू बोलत असेल तर ते आवाज वर उचलतं. स्वयंपाकघरातून येणारा आवाज क्षीण, पण बोलणं तर आहेच. भाचाच खुर्चीत मागे रेलून बोलतोय असं समजून तोही वर उचलला जातो. आणि शेवटी, आवाज ज्याच्या माइकमधून येतो त्याची चौकट पडद्यावर मोठी करायची, हा या ॲपचा शिरस्ता. म्हणजे ताईचं वाक्य धुऊनपुसून, मोठं करून, भाच्याचा चेहरा पडदाभर लावून एकवीस जणांना पोचवलं गेलं. एकाही भागात बिघाड नव्हता.

यात ऐकणाऱ्यांच्या कानांचाही हात आहे. आपल्याला दोन कान असल्यामुळे आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं, आणि मेंदू नको त्या बाजूकडे कानाडोळा करू शकतो. गर्दीच्या मेजवानीत आपण एकाच माणसाचं बोलणं कसं काय ऐकतो, यावर कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोग केले होते. मीटिंगमध्ये सहसा एकाच वाहिनीतून आवाज येतो. भाचा आणि ताई दोघेही एकाच बिंदूतून बोलत असतात. घरात बसून जे आपल्याला जाणवतही नाही, ते पलीकडे थेट समोर येऊन उभं राहतं.

६ मे २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची फोनवरून सुनावणी चालू होती, आवाज देशभर थेट ऐकवला जात होता, आणि वकिलाचा युक्तिवाद ऐन रंगात असताना कुणीतरी फ्लश केलं. विषय होता लोकांच्या मोबाइलवर येणाऱ्या यांत्रिक फोनांचा. फ्लश कुणाचा, हे न्यायालयाने सांगितलं नाही. भाच्याला मी हा किस्सा सांगितला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिथे निदान केलं तरी."

उपाय विचाराल तर म्यूट सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे विसरतात. (म्यूट असताना बोललात की 'तुम्ही म्यूटवर आहात' असं ॲप सांगतं ना? म्हणजे माइक तेव्हाही ऐकतच असतो, हे ध्यानात असू द्या.) भौतिकशास्त्रातला उपाय स्वस्त आहे : माइक तोंडाजवळ आणा. लॅपटॉपचा माइक तोंडापासून ५० सेंटीमीटरवर असतो. तो ५ सेंटीमीटरवर आणला तर अंतर दहापट घटतं आणि तुमच्या आवाजाची तीव्रता साधारण शंभरपट, म्हणजे २० डेसिबेल वाढते. स्वयंपाकघर जिथल्या तिथेच राहतं, त्यामुळे तुमच्या तुलनेत ताई शंभरपट लहान होते. त्याला बारा हजार लागत नाहीत. काडीवर माइक असलेला साधा हेडसेट पुरतो. काही ॲप तुमच्या आवाजाचा नमुना आधी घेऊन फक्त त्याच्याशी जुळणारं बोलणं पुढे पाठवतात. ही दिशा मला आश्वासक वाटते, पण आई आणि मुलगी यांचे आवाज फोनवर ओळखीच्यांनाही कळत नाहीत अशी घरं मी पाहिली आहेत.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेलो तेव्हा हे सगळं कागदावर आकृत्या काढून ताईला समजावलं. ओहोटी, खडक, कप्पे, तिचा वर उचललेला आवाज. पोळ्या लाटता लाटता तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते असू दे," ती म्हणाली. "आता तरी फ्लश करतो का, ते विचार त्याला."