परदेशातल्या सेवेचं मेडल राहून गेलंय? नागपुरातून अर्ज असा करा

आमच्या गल्लीतले एक काका १९८८ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. नायक म्हणून निवृत्त झाले. बाकीची मेडलं जपून ठेवली आहेत, श्रीलंकेचं मात्र कधी हाती आलंच नाही. दोनदा दिल्लीला पत्र टाकलं, उत्तर नाही. मागच्या वर्षी त्यांच्यासोबत कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, अर्ज चुकीच्या दारात जात होता. कामठीपासून हिंगण्यापर्यंत असे पुष्कळ फौजी आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मेडल कोणतं ते ठरवा. भारत-श्रीलंका करार झाला २९ जुलै १९८७ ला आणि शेवटची तुकडी परतली २४ मार्च १९९० ला. या काळात तिथे तैनात असलेल्यांसाठी विशेष सेवा पदक आहे, त्यावर ‘श्रीलंका’ असा क्लास्प (रिबनवरची धातूची पट्टी) असतो. भूतानसारख्या देशात पोस्टिंग झाली असेल तर १९६० मध्ये सुरू झालेलं विदेश सेवा पदक. त्याच्या क्लास्पवर त्या देशाचं नाव येतं. गाझा, काँगो, सोमालिया, लेबनॉन इथे निळ्या टोपीत गेलेल्यांचं मेडल संयुक्त राष्ट्रांचं, आणि त्यासाठी मिशनमध्ये साधारणपणे ९० दिवस भरावे लागतात. अर्जात नुसतं ‘परदेशी मेडल’ लिहू नका. देश, युनिट, गेल्याची आणि परतल्याची तारीख लिहा.

आता ते दार. जवान, एनसीओ (नायक, हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांचं सगळं दफ्तर दिल्लीत नव्हे, आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं आपल्या कामठीतच आहे. महार रेजिमेंटचं सागरला. विदर्भातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या जिथे भरती होतात ती हीच रेजिमेंट. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामास्वामी परमेश्वरन ८ महारचेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेतले इंजिनिअर) खडकीला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स आणि वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस. नागपुरात वायुसेनेचं मोठं ठाणं आहे म्हणून पुष्कळ जण तिथेच चौकशी करतात. अर्ज मात्र दिल्लीलाच जातो.

कागद फार नाहीत. साधा अर्ज (सर्व्हिस नंबर, रँक, पूर्ण नाव आणि युनिट ठळक लिहा), डिस्चार्ज बुकाच्या (निवृत्तीवेळी मिळालेलं नोंदींचं पुस्तक) सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार. तुमची तैनाती पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश) चढलेली आहे का, हे रेकॉर्ड ऑफिस तपासतं. सगळं त्या नोंदीवर अवलंबून. म्हणून डिस्चार्ज बुकातलं मेडलचं पान आधी नीट वाचा. तिथे मेडलची नोंद असेल तर हक्क मान्य झालेला आहे, फक्त मेडल पाठवायचं राहिलंय, आणि अर्जात तसंच लिहायचं. नोंदच नसेल तर त्या काळातला मूव्हमेंट ऑर्डर (रवानगीचा हुकूम), जुना फोटो, सोबतच्या साथीदाराचं पत्र, जे सापडेल ते जोडा.

मिळालेलं मेडल हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत आणि नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र जोडा. दुसरी प्रत पैसे भरून मिळते.

सैनिक हयात नसेल तर पत्नी किंवा मुलं अर्ज करू शकतात. मृत्यू दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ लागतो. मुलं अर्ज करत असतील तर वारस दाखला आणि बाकीच्या भावंडांचं ना-हरकत पत्रही तयार ठेवा. इथे सर्वांत जास्त अडतं ते नावावर. फौजेच्या कागदावर पत्नीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं; कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. माझ्या पाहण्यातली एक फाइल एवढ्याच कारणाने आठ महिने पडून होती, आणि त्या माउलीचं वय ऐंशीच्या घरात. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर बरं. तिथे कागद पडताळून घेता येतात, शिवाय आवक-जावक क्रमांक हाती राहतो. थेट पाठवायचा असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टने, आणि पावती जपून ठेवायची. दोन-तीन महिन्यांत काहीच कळलं नाही तर त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये भरून आरटीआय टाका: माझ्या नावे हे मेडल मंजूर आहे का, पार्ट टू ऑर्डर क्रमांक काय, अर्जाची सद्यस्थिती काय. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. काकांचं घोडं याच वाटेने पुढे सरकलं.

छावणीजवळच्या दुकानांत हुबेहूब मेडल आणि रिबन विकत मिळते. परेडला लावायला ते चालेल, पण खऱ्या मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पार्सल आल्यावर कड आधी वाचा. नंबरातला एक आकडा जरी चुकला असेल तरी ते पत्रासह लगेच रेकॉर्ड ऑफिसला परत पाठवा.