पार्श्वभूमी : मॉरिशसवरून येणारा पैसा

मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तरीही एप्रिल २००० पासून भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा साधारण चौथा हिस्सा या बेटाच्या नावावर आहे. तिथल्या ऊसमळ्यांवर १८३४ पासून आपले मजूर गेले, त्यांत मराठी माणसंही होती. पण या पैशाचा त्या नात्याशी संबंध थोडाच. त्याचं मूळ एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांत दुहेरी कर पडू नये म्हणून १९८२ मध्ये भारत-मॉरिशसमध्ये झालेल्या करारात आहे.

शेअर विकणारा ज्या देशाचा रहिवासी, त्यानेच नफ्यावर कर घ्यायचा, असं त्यात ठरलं. मॉरिशस हा कर घेतच नव्हता. दहा वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९९२ मध्ये आपला शेअर बाजार परकीय संस्थांना खुला झाला, आणि त्याच वर्षी मॉरिशसने ऑफशोअर, म्हणजे नोंदणी तिथे पण धंदा बाहेर असलेल्या, कंपन्यांचा कायदा केला.

मग सगळं घोडं अडलं ‘रहिवासी’ या शब्दापाशी. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, नुसता पत्ता, पैसा आणि निर्णय मात्र तिसऱ्याच देशातले. अशी कंपनी तिथली रहिवासी कशी? २००० च्या सुरुवातीला प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी हेच विचारत नोटिसा काढल्या. बाजार हादरला. १३ एप्रिलला परिपत्रक क्रमांक ७८९ निघालं : तिथल्या करखात्याचा दाखला असला की पुरे. तलाठ्याकडे रहिवासी दाखल्यासाठी खेटे घातलेल्याला यातली गंमत कळेल. ज्यांनी तपासायचं, त्यांचेच हात बांधले गेले. देशातलाच पैसा वळसा घालून ‘परकीय’ होऊन परततो, म्हणजे राउंड ट्रिपिंग होतं, ही शंका तेव्हापासून चिकटली ती चिकटलीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये परिपत्रक रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये ते पुन्हा लागू केलं : करारातच मनाई नसेल तर सोयीचा करार शोधणं बेकायदा नाही, आणि गुंतवणूक हवी असलेले विकसनशील देश एवढं सोसतात, असा निकालाचा रोख होता.

करार बदलायला मे २०१६ उजाडला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरचा कर भारताकडे आला, तोही पहिली दोन वर्षं निम्म्या दराने. आधीचे शेअर सुटले. २०१८-१९ मध्ये वार्षिक गुंतवणुकीत सिंगापूर पुढे गेलं. व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक जरी करसवलत हा असेल तर ती नाकारण्याच्या तरतुदीवर मार्च २०२४ मध्ये सह्या झाल्या.

मालाच्या व्यापाराची कथा त्यामानाने छोटी. एप्रिल २०२१ पासूनच्या करारात भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना सवलती मिळाल्या. तिकडून येणाऱ्यांत गोठवलेले मासे, बिस्किटं आणि खास प्रतीची साखर.