औषधी पॅच

कातडीवर चिकटवलेल्या पट्टीतून औषध हळूहळू रक्तात उतरवण्याचे साधन. ‘त्वचापारी पट्टी’ असा शब्द करता येईल, पण दवाखान्यात, औषधांच्या दुकानात आणि रुग्णाच्या घरी ‘पॅच’ हाच शब्द चालतो. दुखऱ्या गुडघ्यावरची डायक्लोफेनॅकची किंवा नागिणीनंतरच्या वेदनेवरची लिडोकेनची पट्टी जिथे लावली तिथेच काम करते. या नोंदीतला पॅच वेगळा : तो लावायचा दंडावर किंवा कानामागे, आणि परिणाम हवा असतो हृदयावर, मेंदूवर किंवा सगळ्या शरीरावर.

गिळलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि काही औषधांचा तिथेच फडशा पडतो. नायट्रोग्लिसरीन गिळले तर त्यातले फारच थोडे पुढे पोचते. म्हणून छातीत कळ आली की त्याची गोळी जिभेखाली ठेवतात. कातडीतून गेलेल्या औषधाला हा यकृताचा नाका पहिल्या फेरीत लागत नाही. गोळीने रक्तातली पातळी एकदम चढते आणि पुढच्या गोळीपर्यंत उतरत जाते, तशी ओढाताणही पॅचमध्ये कमी. सतत उलट्या होणाऱ्या किंवा घास गिळता न येणाऱ्या रुग्णालाही तो लावता येतो. एवढे असूनही पॅचच्या रूपात मिळणारी औषधे मोजकीच आहेत, आणि त्याचे कारण कातडी.

कातडीचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर, मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, केसापेक्षाही कमी. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या. त्यातून जायचे तर रेणू लहान हवा, तेलात विरघळणारा हवा, आणि तरी इतका तेलकट नको की खालच्या पाणीदार थरात शिरताना अडेल. यान बॉस आणि मार्कुस मायनार्डी या संशोधकांनी २००० साली मांडलेला ठोकताळा असा, की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू शाबूत कातडीतून सहसा जात नाही. निकोटिन १६२, नायट्रोग्लिसरीन २२७, फेंटानिल ३३६. इन्सुलिन मात्र सुमारे ५,८००. मधुमेही माणूस कमरेला जो इन्सुलिन पंप बाळगतो त्याला कातडीखाली बारीक नळी सरकवावीच लागते, ती यामुळे. रेणू लहान असूनही भागत नाही. पॅरासिटामॉल १५१ डाल्टनचे आहे, पण ते लागते एका वेळी ५०० मिलिग्रॅम. पॅचमधून दिवसाला मोजकेच मिलिग्रॅम जातात. थोडक्यात, अगदी चिमूटभरात काम करणाऱ्या जहाल औषधांनाच हा रस्ता खुला आहे. पॅच निरुपद्रवी दिसतो, पण त्यात बहुधा जहाल औषधच असते.

कातडीही सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन हे औषध वेगवेगळ्या जागी लावून पाहिले, तेव्हा अंडकोशाच्या कातडीतून ते हाताच्या आतल्या बाजूपेक्षा ४२ पट अधिक शोषले गेले. अमेरिकेत १९९३ मध्ये आलेला टेस्टोस्टेरॉनचा पहिला पॅच तिथेच लावायचा होता. पुढे दंडावर किंवा पाठीवर लावायचे पॅच निघाले आणि वापरणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला असेल, असे मानायला हरकत नाही.

कातडीतून द्रव्य आत जाते ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेत त्वचेतल्या पित्ताला ‘भ्राजक’ म्हटले असून अभ्यंग, आलेपन वगैरेंतील द्रव्ये तेच पचवते असे सांगितले आहे. मात्र लेपातून किती आत गेले हे मोजण्याची सोय नव्हती. आधुनिक काळात हा धडा दोन धंद्यांनी, मजुरांच्या जिवावर, पुन्हा दिला. तंबाखूची दवाने ओली पाने खुडणाऱ्यांना मळमळ, चक्कर आणि उलट्या होतात, कारण पानावरच्या पाण्यात निकोटिन विरघळून हातातून आत जाते. डायनामाइटच्या कारखान्यांत सोमवारी कामगारांचे डोके विलक्षण ठणकायचे. दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरायचे आणि सुट्टीनंतर पुन्हा उपटायचे. कातडीतून आणि श्वासातून शिरलेल्या नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या सैलावत; आठवडाभरात शरीर त्याला सरावे, सुट्टीत तो सराव मोडे.

हीच सोमवारची डोकेदुखी पुढे पॅचला आडवी आली. नायट्रोग्लिसरीनचे पॅच १९८१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आले ते २४ तास लावायचे म्हणून. पण अहोरात्र औषध मिळाले की शरीर सरावते आणि गुण येईनासा होतो. आता तो १२ ते १४ तास ठेवून बहुधा रात्री काढायला सांगतात. न थांबता औषध देणे हा पॅचचा मोठा गुण. इथे तोच दोष ठरला.

पहिला पॅच मात्र हृदयासाठी नव्हता, गाडी लागणाऱ्यांसाठी होता. उरुग्वेत जन्मलेल्या अलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अल्झा’ ही कंपनी काढली, ती औषधापेक्षा औषध पोचवण्याच्या रीतीवर काम करण्यासाठी. तिच्या स्कोपोलामिन पॅचला १९७९ च्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. स्कोपोलामिन आपल्या धोतऱ्यातही असते; जास्त झाले तर भ्रम होतो आणि बाहुल्या विस्फारतात. म्हणूनच वेगावर ताबा महत्त्वाचा. कानामागे, प्रवासाच्या किमान ४ तास आधी लावायची ही चकती अडीच चौरस सेंटिमीटरची. ती ३ दिवसांत मिळून १ मिलिग्रॅम औषध सोडते. पॅच हाताळून तेच बोट डोळ्याला लागले तर एकच बाहुली मोठी होते आणि कारण ठाऊक नसलेला डॉक्टर मेंदूत काही झाले की काय म्हणून धास्तावतो.

या चकतीत पाठीला अभेद्य पापुद्रा, मग औषधाचा साठा, त्याखाली वेग ठरवणारा पडदा आणि शेवटी गोंद अशी रचना होती. अशा साठ्याच्या पॅचला कात्री लावणे घातक : पडदा फाटला की वेगावरचा ताबा गेला. नंतरच्या पुष्कळ पॅचमध्ये औषध गोंदातच कालवलेले असते. ते पातळ आणि लवचिक असतात, पण त्यांचीही दुखणी आहेत. पार्किन्सनच्या रोटिगोटिन पॅचमध्ये औषधाचे हिमकणांसारखे स्फटिक होऊ लागले. स्फटिक झालेले औषध कातडीत उतरत नाही, म्हणून २००८ मध्ये अमेरिकेतून तो मागे घ्यावा लागला. घडण बदलून २०१२ मध्ये परत आला.

निकोटिनचा पॅच कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मरी जार्विक आणि जेड रोझ यांच्या प्रयोगांतून पुढे आला. माणसांवर चाचणीची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी तंबाखू स्वतःच्याच कातडीवर लावून नाडी आणि रक्तदाब मोजले. २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम अशी उतरती भांजणी आजही वापरात आहे. रात्री अंगावर ठेवला तर झोपेत भडक स्वप्ने पडतात, ही तक्रार नेहमीची. एस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक, आठवड्याला बदलायचा गर्भनिरोधक पॅच, अल्झायमरसाठी रिव्हास्टिग्मिन हे या कुळातले इतर परिचित सदस्य.

न जाणारे रेणू नेण्याच्या खटपटी चालूच आहेत. सौम्य विजेने औषध ढकलणारा अर्धशिशीचा सुमाट्रिप्टन पॅच २०१३ मध्ये मंजूर झाला, आणि भाजल्याच्या व व्रण राहिल्याच्या तक्रारींमुळे २०१६ मध्ये त्याची विक्री थांबली. सूक्ष्मसुयांचा पॅच अधिक आशादायक वाटतो. मिलिमीटरहूनही आखूड सुया शृंगस्तर भेदतात, पण खोलवर जात नाहीत, त्यामुळे फारसे दुखत नाही. गॅम्बियात गोवर-रुबेलाची लस अशा पॅचमधून मोठ्यांना आणि बाळांना दिली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रतिकारशक्ती इंजेक्शनच्या तोडीची आढळली. सुई टोचण्याचे शिक्षण न घेतलेली व्यक्तीही तो लावू शकेल, ही त्यातली मोलाची गोष्ट.

फेंटानिलच्या पॅचबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र असलेले हे औषध कर्करोगाच्या वेदनेसाठी, आणि तेही आधीपासून अफूवर्गीय औषधांना सरावलेल्या रुग्णालाच देतात. तोंडाच्या कर्करोगात गिळणे बंद झालेल्या माणसाला त्याचा आधार मोठा असतो. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग झाला, त्यात मॉर्फिनबरोबर फेंटानिलही आहे. पॅच लावल्यावर आराम पडायला १२ तासांहून अधिक लागू शकतात, कारण आधी कातडीत साठा भरावा लागतो. काढल्यावरही तो साठा कित्येक तास रक्तात उतरत राहतो. घाईने दुसरा पॅच लावणारे नातेवाईक इथेच चुकतात. ताप, गरम पाण्याची पिशवी, कढत पाण्याची आंघोळ यांनी औषध वेगाने सुटते आणि श्वास मंदावू शकतो.

लावायची जागा कोरडी, बिनतेलाची, केस कमी असलेली हवी. खोबरेल किंवा पावडर लावलेल्या अंगावर पॅच धरत नाही. केस कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने कातडी सोलवटते आणि औषध जास्त आत जाते. काही पॅचच्या पाठीत धातूचा पापुद्रा असतो, तो एमआरआयच्या वेळी तापून भाजतो, म्हणून तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगावे. ७२ तास वापरून काढलेल्या फेंटानिल पॅचमध्येही लहान मुलाचा जीव घेण्याइतके औषध उरलेले असू शकते. असे मृत्यू अमेरिकेत नोंदले गेले आहेत. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा. अमेरिकी औषध प्रशासन तो ताबडतोब संडासात टाकून पाणी सोडायला सांगते, एरवी औषधे गटारात सोडू नका असे बजावत असूनही.