कृष्णाकाठची वांगी आणि २०१० ची स्थगिती : पार्श्वभूमी

अळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीला २०१० ला देशात स्थगिती मिळाली, तिची गोष्ट कृष्णाकाठच्या बाजूनं सांगतो. आपल्या रोजच्या पिशवीतल्या कितीतरी भाज्या बाहेरून आल्यात. मिरची, टोमॅटो, बटाटा तिन्ही मूळ अमेरिकेतल्या, आणि आपण ज्याला अगदी साताऱ्याचा म्हणतो तो कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, तोसुद्धा मूळ तिकडचाच. वांगं मात्र या मिरची-टोमॅटो-बटाट्याच्याच कुळातलं असून आपल्या भागातलं आहे, त्याची रानटी भावंडं डोरली आणि रिंगणी अजून बांधावर उगवतात, आणि आपल्या वांग्याच्या देठाला जे काटे असतात ते त्याच घराण्याचे.

जुना इतिहास इथंच सोडतो, कारण या भागात वांग्याला नाव मिळालं ते कृष्णेच्या मळीमुळं. पुराचा गाळ बसलेली ती काठावरची रानं, त्यात येणारं काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या-हिरव्या रेषा असलेलं, कमी बियांचं आणि पटकन शिजणारं वांगं. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलेली माणसं बासुंदीबरोबर वांगीपण घेऊन येतात. चातुर्मासात घरोघरी वांगं बंद असायचं ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं सुटायचं, म्हणून तर त्या दिवसाला वांगेसट म्हणतात.

मग ऊस आला. १९५० नंतर सहकारी कारखाने उभे राहिले, पाणी उपसा वाढला आणि मळीच्या रानांत उसाची लावण झाली, काही रानं जास्त पाण्यानं क्षारपड झाली, वांगं हळूहळू कडेला गेलं. जे उरलं त्यातही घरचं बी धरणारे कमी झाले. आधी मांजरी गोटा, वैशाली, प्रगती अशी सरकारी वाणं आली, ती तरी धरता येत होती, नंतर संकरित बियाण्याची पाकिटं आली ज्याचं बी पुढच्या वर्षी धरून काही उपयोग नसतो. हा बदल गाजावाजा न होता झाला म्हणून त्याच्यावर कुणी लिहीत नाही, पण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ इथं आहे असं मला ठामपणे वाटतं.

आता अळी. वांग्याचा प्लॉट ज्यानं केलाय त्याला हे सांगायची गरज नाही, पण भाजी फक्त मंडईत बघणाऱ्यांसाठी सांगतो. शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग पानाखाली अंडी घालतो, अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो, आणि फळं धरली की ती फळात घुसते. आत गेल्यावर भोक तिच्याच विष्ठेनं बुजतं, मग वरून कितीही औषध मारा, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती आत जायच्या आधी तिला गाठायला बघतो, म्हणजे सारखी फवारणी, तोडणी चालू असताना फवारणी, आणि जे फळ आज तोडलं ते उद्या सौद्याला. या गोष्टीबद्दल ग्राहक आणि शेतकरी दोघंही फार बोलत नाहीत.

यावर उपाय म्हणून बीटी वांगं पुढं आलं. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक वांग्यात घालायचं, त्यातून झाडातच असं प्रथिन तयार होतं की अळीनं खाल्लं की ती मरते. कापसात हेच तंत्र २००२ ला देशात परवानगी मिळून आलं होतं. वांग्यावर एका खासगी बियाणे कंपनीनं काम केलं, आणि तिनं संकरित वाणं स्वतःकडं ठेवून साध्या वाणांसाठी हे तंत्र काही कृषी विद्यापीठांना दिलं, म्हणजे शेतकऱ्याला त्याचं बी धरता येईल असं सांगितलं गेलं. चाचण्या झाल्या, तज्ज्ञांच्या दोन समित्या बसल्या, चाचण्यांची कच्ची माहिती लोकांसमोर यावी म्हणून माहितीच्या अधिकारातून आणि कोर्टातून भांडावं लागलं. शेवटी १४ ऑक्टोबर २००९ ला केंद्रातल्या जनुकीय पिकांच्या मान्यता समितीनं हिरवा कंदील दाखवला.

इथून पुढचे चार महिने महत्त्वाचे. पर्यावरण खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी समितीचा निर्णय तसाच लागू केला नाही, आधी लोकांचं ऐकतो म्हणाले, आणि २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळुरू अशा सात ठिकाणी जाहीर सुनावण्या झाल्या, जवळपास ८००० माणसं आली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली सुनावणी नागपूरला, म्हणजे कापसाच्या पट्ट्यात. तिथं कापसाचा अनुभव बोलला जाणार हे उघड होतं आणि तो बोलला जायलाही हवाच होता, पण वांग्याच्या नावानं ओळखला जाणारा कृष्णाकाठ त्या नकाशावर कुठंच नव्हता याचं मला आजही वाईट वाटतं. ९ फेब्रुवारी २०१० ला मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. लोक तिला बंदी म्हणतात पण ती बंदी नाही. स्वतंत्र अभ्यासातून दीर्घकाळाची सुरक्षितता लोकांना आणि तज्ज्ञांना दोघांनाही पटेपर्यंत थांबायचं, असा तो निर्णय होता, आणि त्यात आरोग्य आणि पर्यावरणाबरोबर देशातल्या वांग्याच्या वाणांच्या संपत्तीचा स्पष्ट उल्लेख होता.

त्या काळात टीव्हीवर आणि पेपरात सगळा भर खाल्लं तर काय होईल यावर होता. एका बाजूला शास्त्रज्ञ म्हणत होते की भीतीपोटी चांगलं तंत्रज्ञान अडवलं, दुसऱ्या बाजूला संघटना म्हणत होत्या की लोकांवर प्रयोग चाललाय. वाणांचा मुद्दा त्या गोंगाटात मागं पडला, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात जवळचा होता. कारण कर्नाटकातल्या कृषी विद्यापीठानं ज्या स्थानिक वाणांत हे जनुक घेतलं त्यात मांजरी गोटा होतं आणि कुडची लोकल होतं. कुडची म्हणजे मिरजेहून बेळगावला जाताना लागतं ते कृष्णेकाठचं कुडची! उडुपीच्या मट्टूचं वांगंही त्यात होतं, आणि पुढं २०११ मध्ये त्याच मट्टू गुळ्ळाला भौगोलिक मानांकन मिळालं. स्थानिक वाणं घेताना जैवविविधता कायद्याप्रमाणं परवानगी घेतली नाही अशी तक्रार २०१० मध्येच कर्नाटकात झाली आणि पुढं राष्ट्रीय पातळीवरच्या प्राधिकरणानं त्यावर कारवाई करायचं ठरवलं. म्हणजे पिढ्यानपिढ्या ज्यांनी बी निवडून निवडून हे वांगं घडवलं त्यांना कुणी विचारलं का, हा प्रश्न कागदावर आला तो असा. परागीभवनाचीही भीती होती, वांगं बरंचसं स्वतःच फळतं पण भुंगे-मधमाश्यांमुळं शेजारच्या प्लॉटचं परागकण येऊ शकतं, त्यामुळं घरचं बी धरणाऱ्याची काळजी खरी होती.

तरी स्थगितीनं अळीचं काहीच बिघडलं नाही हेही तितकंच खरं आहे. थांबा म्हणताना त्या शेतकऱ्याला दुसरं काय द्यायचं याची तजवीज तेवढ्याच जोरात व्हायला हवी होती. कामगंध सापळे (मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडणारे), मान टाकलेले शेंडे खुडून नष्ट करणं, कीडकी फळं रानात न टाकणं, निंबोळी अर्क हे सगळं माहितीतलं आहे आणि चालतंही, पण ते एकट्यानं करून भागत नाही, आजूबाजूच्या सगळ्या प्लॉटवाल्यांनी एकदम करावं लागतं, त्यासाठी गावात माणूस लागतो आणि तो माणूस गावात फारसा दिसला नाही.

पुढचं भराभर सांगतो. २०१० च्या जुलैत केंद्राच्या त्या मान्यता समितीच्या नावातला 'मान्यता' शब्द काढून तिथं 'मूल्यमापन' शब्द घातला गेला. २०१२ ला संसदेच्या समितीनं जनुकीय पिकांवर कडक अहवाल दिला. बांगलादेशानं २०१३ मध्ये हेच वांगं मान्य केलं आणि २०१४ च्या जानेवारीत २० शेतकऱ्यांना रोपं दिली, नंतर ते तिथं वाढत गेलं. फिलिपिन्सनं २०२२ ला लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ ला तिथल्या कोर्टानं ती रद्द केली. आपल्याकडं २०१७ ला बोंडअळीनं बीटी कापसाचं महाराष्ट्रात काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. २०१९ मध्ये हरियाणात परवानगी नसलेलं बीटी वांगं शेतात सापडलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या एका संघटनेनं कायदेभंग म्हणून जाहीरपणे परवानगी नसलेलं जनुकीय बियाणं लावलं. २०२० मध्ये वेगळं जनुक असलेल्या दोन देशी संकरित वाणांच्या शेतचाचण्यांना आठ राज्यांसाठी परवानगी मिळाली, राज्य सरकारनं ना हरकत दिली तरच, आणि त्या यादीत कर्नाटक होतं. २०१० ची स्थगिती मात्र उठलेली नाही.

या सगळ्यात एक काम कुठल्याही बाजूच्या शेतकऱ्याला आज करता येतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याप्रमाणं शेतकऱ्याला स्वतः जपलेलं वाण आपल्या किंवा गावाच्या नावावर नोंदवता येतं, त्याला फी लागत नाही, आणि उद्या कुणी ते वाण वापरून नवं काही काढलं तर मोबदल्याचा हक्क सांगायला कागद हातात राहतो. मळीत अजून ज्यांच्याकडं घरचं काटेरी वांगं आहे त्यांनी आधी ते वेगळ्या वाफ्यात, दुसऱ्या प्लॉटपासून लांब लावून शुद्ध बी धरावं आणि नोंदणीचा अर्ज करावा.