कोकणात दमदार गाडी विकताय? टेस्ट ड्राइव्ह कोणाला द्यावी, कोणते कागद घ्यावेत आणि पुढची आरटीओ प्रक्रिया

टेस्ट ड्राइव्हसाठी आरटीओत कुठलाही अर्ज नाही, फी नाही, परवानगीही लागत नाही. त्यामुळे गाडी घरच्या घरी विकणारे बहुतेक जण या टप्प्यावर कागदाचा विचारच करत नाहीत. फोन येतो, माणूस येतो, चहा होतो, किल्ली दिली जाते. मोटार वाहन कायदा १९८८ मात्र साधं बघतो: आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कोणाचं? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलं. गाडी एकामागून एक अनेकांच्या हातात गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. विकून मोकळ्या झालेल्या माणसाची ही गत, तर नुसती बघायला दिलेल्या गाडीबद्दल वेगळं काय होणार?

गाडी साधी असेल तर माणूस फार तर क्लच जाळेल. पण ऑक्टेविया आरएस २४५ सारखी गाडी, म्हणजे २४५ अश्वशक्ती आणि तीही पुढच्या दोन चाकांना, आयुष्यभर हॅचबॅक चालवलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली की प्रश्न बदलतो. पोलो जीटी, अबार्थ पुंटो, व्हर्टस जीटी यांचंही थोड्याफार फरकाने तेच. अशी गाडी न चालवता कोणी घेणार नाही, आणि चालवायला दिल्याशिवाय तुम्हालाही भाव मिळणार नाही.

आधी स्वतःचे कागद

कोकणात एक गोष्ट हमखास आढळते. गाडी मुंबई-ठाण्याच्या पासिंगची, नाव थोरल्या भावाचं किंवा काकांचं, आणि उभी वर्षभर गावच्या शेडमध्ये. विकायचं ठरतं तेव्हा दाखवणारा वेगळा आणि मालक वेगळा. अशा वेळी मालकाकडून सहीचं अधिकारपत्र घ्या: गाडीचा नंबर, तुमचं नाव, गाडी दाखवायला आणि चाचणीसाठी चालवू द्यायला संमती, तारीख, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. विक्रीच्या फॉर्मवर सही मात्र मालकाचीच लागेल. मालक हयात नसेल तर टेस्ट ड्राइव्हच्या भानगडीत पडूच नका. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या, मग गिऱ्हाईक शोधा.

बाकी तपासणी घरी बसून होते. आरसी, विमा आणि पीयूसी चालू आहेत ना, हे सरकारच्या एमपरिवहन अॅपवर दिसतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद रस्त्यावरच्या तपासणीतही चालतात. आरसीवर बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर गिऱ्हाइकाला पहिल्या फोनवरच सांगा. थकलेली ई-चलनं भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाट्या, बसवून घ्या, नाहीतर सौदा ठरल्यावर आरटीओच्या कामात अडकून पडाल. शेडमध्ये उभ्या गाडीचा विमा संपलेला असतो, हे तर ठरलेलंच. विमा नसलेली गाडी रस्त्यावर चालवणं आणि दुसऱ्याला चालवू देणं, दोन्ही कलम १९६ खाली गुन्हे आहेत. पहिल्या वेळी २००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड परवडेल, पण विमा नसताना कोणी जखमी झालं तर जमीन विकून भरपाई द्यावी लागेल.

गाडीला रीमॅप केलेलं असेल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात बदल केलेला असेल, एक्झॉस्ट बदललेला असेल तर तो विषय याच टप्प्यावर उघड करा. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. ‘स्टेज वन केलंय, मस्त पळते’ (स्टेज वन म्हणजे रीमॅपची पहिली पायरी) हे जाहिरातीत लिहिणारे बहाद्दर मी पाहिलेत. तो तुमच्याच हाताने लिहून दिलेला पुरावा असतो.

चालवायला कोण पात्र

कलम ५ मालकाला बजावतं: ज्याच्याकडे वैध परवाना नाही किंवा ज्याचं वय बसत नाही, त्याला गाडी चालवू द्यायची नाही. दिली तर कलम १८० प्रमाणे शिक्षा मालकाला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणून परवाना बघणं हा अविश्वास नाही. ‘काका, लायसन जरा दाखवता?’ एवढं हसून विचारलं तर कोणी रागावत नाही. जो रागावतो, त्याला गाडी देऊ नये.

परवान्यावर तीन गोष्टी बघा. फोटो समोरच्या माणसाचा आहे का. मुदत शिल्लक आहे का. संपलेल्या परवान्याला पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. आणि वर्ग कोणता: हलक्या मोटारीचा, म्हणजे एलएमव्ही, हवा. नुसता गिअरच्या दुचाकीचा परवाना खिशात घालून मोटार बघायला येणारे कमी नाहीत. शंका असेल तर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकून परिवहनच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे खात्री करता येते.

शिकाऊ परवान्यावर अशी गाडी अजिबात देऊ नका. आखातात नोकरी करणारे आपले लोक सुट्टीत चांगल्या गाड्या शोधतात आणि पैशाच्या व्यवहाराला पक्केही असतात, पण दुबई-कुवेतचा परवाना दाखवला तर नम्रपणे भारतीय परवाना मागा. तो नसेल तर गाडी तुम्ही चालवा, ते शेजारी बसतील.

गिऱ्हाइकाचा कॉलेजातला पोरगा हा वेगळाच प्रकार. गाडी त्याच्यासाठीच घ्यायची असते, त्यामुळे बाप म्हणतो, ‘जरा त्याला एक राउंड मारू दे.’ पोरगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९ अ लागतं: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. विकायला काढलेली गाडीच हातातून गेली. अठरा पूर्ण असतील आणि परवाना महिन्याभरापूर्वीचा असेल, तर कायदा अडवत नाही, पण मी अडवीन.

दारूचंही स्पष्ट बोला. गोव्याहून परतताना किंवा मालवणात जेवून दुपारी गाडी बघायला येणारे असतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा एका बैठकीत ओलांडली जाते. वेळ सकाळचीच द्या.

विमा किती सांभाळतो

खाजगी मोटारीच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ या कलमाखाली वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती चालते, मालकच चालवणारा हवा असं नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या हातून ठोकर झाली तर दावा मुळातच बाद होत नाही. पण त्याच पानावर ‘वापराच्या मर्यादा’ असतात आणि त्यात भाडं, शर्यत यांच्यासोबत वेगचाचणीही वगळलेली असते. ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत, मोबाईलवर लावून बघूया’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पान दाखवावं. रेकॉर्ड केलेला तो व्हिडिओ पुढे कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

जुन्या गाडीवर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर समोरच्याचं नुकसान भरून येईल, तुमचा बंपर तुमच्याच खर्चाने. पूर्ण विमा असला तरी १५०० सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक दाव्यात २००० रुपये सक्तीने आधी तुमचे जातात, आणि पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर येतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गिऱ्हाइकाला लागू होत नाही, कारण तो मालक नाही.

चोरीचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. कोणी गाडी घेऊन पसार झाला तर विमा कंपनी एफआयआर आणि दोन्ही किल्ल्या मागते. तुम्ही स्वतःच्या हाताने किल्ली दिली होती म्हटल्यावर ही चोरी की विश्वासघात, यावर वाद सुरू होतो. तेव्हा एकट्याला गाडी नाही, हा नियम ओळखीतल्यांनाही लावा. तुम्ही शेजारच्या सीटवर, दुसरी किल्ली घरी.

टेस्ट ड्राइव्हचं पत्र

ठरलेला नमुना नाही, साधा कागद पुरतो. त्यात लिहा: गाडीचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर, तारीख, निघण्याची आणि परतण्याची वेळ, ठरलेला मार्ग. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, मोबाईल, परवाना क्रमांक. मग दोन-तीन वाक्यं त्याच्या तोंडी: ‘माझा परवाना वैध आहे, मी मद्यपान केलेलं नाही. चाचणीदरम्यान माझ्या चुकीने झालेल्या नुकसानीपैकी विम्यातून न मिळणारी रक्कम, गमावलेला नो क्लेम बोनस आणि वाहतुकीचा दंड मी देईन.’ खाली दोघांच्या सह्या आणि घरातल्या वा शेजारच्या एका माणसाची साक्ष.

या पत्राने तिसऱ्या माणसासमोरची तुमची जबाबदारी जात नाही. रस्त्यावरच्या जखमीला तुमच्या दोघांतल्या कागदाशी काही देणंघेणं नाही. त्याचा उपयोग नंतर गिऱ्हाइकाकडून पैसे वसूल करताना, आणि वेगाचं चलन तुमच्या नावावर आलं की ते त्याला दाखवताना. शिवाय सही करताना माणूस जरा गंभीर होतो, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

ओळखीसाठी आधार घ्यायचं तर मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तुम्हीही आरसीची पूर्ण प्रत कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. चासी आणि इंजिन नंबर माणूस दारात आल्यावर दाखवा.

रस्ता आणि वेळ

गिऱ्हाइकं येतात ती मे महिन्यात आणि गणपतीत, आणि नेमके तेव्हाच मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते. शक्य असेल तर त्यांना आडदिवशी बोलवा. कोकणकन्येने कुडाळला किंवा कणकवलीला सकाळी उतरलेला माणूस ताजा असतो, रस्ताही रिकामा असतो.

इंजिन थंड ठेवा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी जाणकाराला लगेच कळते, आणि थंड स्टार्टचा आवाज ऐकण्याचा त्याचा हक्क आहे. गावातल्या गडग्यांमधून महामार्गापर्यंत गाडी तुम्हीच न्या. तेवढ्यात ऑइल तापतं, टर्बोवर थंड इंजिनात ताण येत नाही, आणि ब्रेक किती पटकन धरतो हे तुम्हाला सांगता येतं. मग रुंद, मोकळ्या जागी थांबून सीट बदला. चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल चालूच राहील, उभी गाडी झपाट्याने सोडणारा लॉन्च कंट्रोल दाखवला जाणार नाही, हे तिथेच बोलून घ्या. नाहीतर ‘जरा दाबून बघतंय हां’ म्हणत पाय कधी खाली गेला ते कळणारही नाही.

खारेपाटण ते झाराप हा चौपदरी काँक्रीटचा पट्टा यासाठी चांगला. पण दुभाजकाच्या फटीतून अचानक येणारी दुचाकी आणि रस्त्यावर बसलेली गुरं विसरू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० एकदा नीट खेचून बघितलं की इंजिन आणि टर्बोची तब्येत समजते. डीएसजी या दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा दोष तर वेगात नव्हे, रांगत्या गाडीत हिसक्यांनी कळतो, त्यासाठी कुडाळची बाजारपेठ पुरते. सस्पेन्शनसाठी गतिरोधक आहेतच.

घाट टाळा. आंबोली किंवा करूळचा घाट हा गाडीपेक्षा चालकाची परीक्षा घेतो, पावसाळ्यात धुकं आणि ओल्या रस्त्यावर आलेली तांबडी माती यात रुंद टायरही घसरतात. आणि ‘बीचवर एक फोटो’ ही मागणी सरळ नाकारा. वाळूत रुतलेली कमी उंचीची गाडी बाहेर काढताना खालचा भाग गेला, तर भरतीच्या आधी पोहोचलेला ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.

सौदा ठरल्यावर

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, म्हणून टोकन यूपीआयने आणि बाकी रक्कम आरटीजीएसने घ्या. खात्यात पैसे दिसल्याशिवाय किल्ली नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

आरटीओत विक्री कळवणारा फॉर्म २९ (दोन प्रती) आणि नाव बदलण्याच्या अर्जाचा फॉर्म ३० लागतात, ज्याला एजंट टीटीओ (ट्रान्सफर ऑफ ओनरशिप) सेट म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची पद्धत सर्रास आहे आणि तीच पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ. कर्ज फिटलं असेल तर बोजा काढण्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि तिची एनओसी (ना हरकत पत्र) जोडा. सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरता येतो. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गिऱ्हाईक गोव्याचं किंवा बेळगावचं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि तुमची मुदत ४५ दिवस. सीमेलगत सावंतवाडी-बांद्याकडच्या विक्रेत्यांना हे वारंवार लागतं. विमा कंपनीला घेणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं.

गाडी स्वतः न दाखवता जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे ठेवणार असाल तर तो आरटीओकडून अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू नियमांनुसार अशा विक्रेत्याला गाडी दिल्याची नोंद फॉर्म २९-सी ने पोर्टलवर होते. ती झाली नाही तर त्याच्या पोराने रात्री मारलेली चक्करही तुमच्याच नावावर.

किल्ली देताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ आणि मीटरचा आकडाही लिहा, त्याच दिवशी फास्टॅग बंद करा, आणि नो क्लेम बोनसचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. तो बोनस गाडीचा नाही, तुमचा असतो आणि पुढच्या गाडीला लावता येतो.