'युद्धवार्ताहर' नेमका कोण? आघाडीवरील चित्रणाची पार्श्वभूमी

१९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धात, द्रासजवळच्या बोफोर्स तोफांचा धडाका चाळीसगाव, पारोळा, अमळनेर भागातील घराघरांत दूरचित्रवाणीवरून ऐकू आला. ज्या घरातला मुलगा फौजेत, तिथे बातम्यांच्या वेळी अख्खी गल्ली जमायची आणि पडद्यावर गणवेशातला कोणी दिसला की त्यात आपल्या माणसाचा चेहरा शोधायची. त्यापूर्वीच्या युद्धांची चित्रे खानदेशात पोहोचत ती वर्तमानपत्रांतून आणि चित्रपटगृहातल्या वृत्तपटांतून, म्हणजे बऱ्याच उशिराने.

लढाईच्या चित्रणाची सुरुवात क्रिमियाच्या युद्धापासून सांगितली जाते. तेथे १८५५ मध्ये छायाचित्रे टिपायच्या काचेच्या प्लेट्स आणि चाकांवरची अंधारखोली घेऊन गेलेल्या इंग्रज छायाचित्रकाराने छावण्या टिपल्या, प्रेते नव्हे. सैन्याने स्वतःचेच छायाचित्रकार पद्धतशीरपणे नेमले ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश लष्कराने १९४१ मध्ये त्यांचे स्वतंत्र पथक उभारले, तर अमेरिकेच्या मरीन दलाने पुढच्याच वर्षापासून वृत्तपत्रांतली माणसे भरती करून त्यांना आधी शिपाई बनवले आणि मग वार्ताहर.

खरा गुंता इथेच आहे. मराठीत 'युद्धवार्ताहर' हा एकच शब्द तीन वेगळ्या माणसांना लावला जातो आणि कायद्याच्या दृष्टीने तिघांची स्थिती निराळी आहे. सैन्याच्या परवानगीने व ओळखपत्रासह तुकडीबरोबर जाणारा वार्ताहर नागरिकच असतो, पण शत्रूच्या हाती लागल्यास १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार तो युद्धकैदी ठरतो. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेला पत्रकारही नागरिकच. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने ते स्पष्ट केले, मात्र युद्धकैद्याचा दर्जा त्याला आपोआप मिळत नाही. (त्या पूरक करारात भारत सामील नाही, ही बाब सहसा नजरेआड होते.) तिसरा असतो गणवेशातला. त्याच्या हातात बंदुकीऐवजी कॅमेरा असला तरी तो सैनिकच असल्याने त्याच्यावर गोळी झाडणे शत्रूला कायद्याने निषिद्ध नाही. त्याने काढलेले छायाचित्र धाडसाचे असेलही, पण ते लढणाऱ्या पक्षाने स्वतःविषयी दिलेले असते, आणि छापताना छायाचित्राखालच्या ओळीत हा फरक बहुतेक वेळा गळतो.

कारगिलमध्ये कॅमेरे तोफांच्या इतक्या जवळ गेले की थेट प्रक्षेपणातून ठिकाणे उघड होतात, असा आक्षेप आला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याने त्याला धार आली आणि २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्तांकन करण्याची मुभा उरली. जवानांच्या जिवासाठी हे आवश्यकच होते. मात्र त्याच नियमाने नागरी कॅमेऱ्याची जागा आक्रसली, याची चर्चा फारशी झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममधील दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने वाहिन्यांना याच नियमाची आठवण करून दिली. ७ मे रोजी दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत 'ऑपरेशन सिंदूर'मधील भारतीय हल्ल्यांची जी दृश्ये दाखवली गेली आणि त्या दिवशी जळगाव-धुळ्यातल्या मोबाइलांवर फिरली, ती सैन्यानेच पुरवलेली होती.