लेहला चहा फिका का होतो?

लेहच्या हॉटेलात पहिल्या सकाळी घरून नेलेली चहापावडर काढली, माप घरचंच, रूममधल्या केटलमधे पाणी चांगलं खळखळ उकळलं, आणि ग्लासात आला तो नुसता पिवळट फुळकवणी प्रकार. बायको म्हणाली पावडर जुनी असणार. पावडर बिचारी ठीक होती हो, पाणीच गार होतं. उकळतं, पण गार!

म्हणजे असं की पाण्याच्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. लेह साधारण 3,500 मीटरवर, तिथे हवेचा दाब मुंबईच्या दोन तृतीयांशच्या आसपास, त्यामुळे पाणी 88 अंशालाच उकळ्या मारायला लागतं. पुण्यात हेच 98 च्या आसपास होतं, लेहच्याही वरच्या खारदुंगला खिंडीत 82-83 ला. आणि केटलची ऑटो-कट पण फसवी, ती तापमान मोजत नाही, वाफ लागून आतली धातूची पट्टी वाकली की स्विच पडतो, मग पाणी 88 ला असो की 100 ला. गॅसवर केलात आणि आच मोठी केलीत तरी पाणी फक्त लवकर आटतं, जास्त तापत नाही.

आता पाणी तापवता येत नाही म्हटल्यावर हातात उरतो वेळ. आपली नेहमीची दाणेदार सीटीसी पावडर बारीक असते म्हणून रंग पटकन सोडते, तरी तिथे दोन मिनिटांत भागत नाही. मी शेवटी थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घेतला, दीडपट पावडर टाकली, वरून उकळतं पाणी आणि झाकण घट्ट, सहा-सात मिनिटं. गार स्टीलच्या ग्लासात ओतलंत तर आहे ते तापमान पण जातं.

दूध केटलमधे अजिबात टाकू नका. तळाशी प्रोटीन चिकटून करपतं, फेस उतू जातो आणि पुढचा पाहुणा आपल्याला शिव्या घालतो. दूधपावडर सरळ गरम चहात टाकली तर गोळ्याचं वरचं आवरण भिजून चिकट होतं, आत कोरडंच राहतं, म्हणून आधी चमचाभर कोमट पाण्यात कालवून घ्यायची. आलं हवं असेल तर ते किसून पाण्याबरोबरच उकळायचं, कारण कच्च्या आल्यात दुधाचं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, कोमट दुधात पडलं की दूध फाटू शकतं (चीनमधे ग्वांगडोंगला याच गुणावर आल्याचं दही लावतात, म्हणजे त्यांचा तो गोड पदार्थ आणि आपला सत्यानाश). उकळत्या पाण्यात, अगदी 88 च्या सुद्धा, ते निकामी होतं.

लडाखी लोक या भानगडीतच पडत नाहीत. त्यांच्या गुरगुर चहात पत्ती खूप वेळ रटरटत ठेवतात, वर चिमूटभर सोडा, ज्याने रंग लवकर आणि गडद उतरतो, मग मीठ-लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळतात. पहिला घोट मला सूपच वाटलं. तिसऱ्या दिवशी मी दुसरा कप मागितला, बायकोने मात्र थर्मासच धरून ठेवला.